सुधाच्या नावाची फाईल

मंगळवार, ९ सप्टेंबर. बदलापूर.

आज मी माझ्याच वेबसाइटचे कपडे उतरवले.

माझे तिरकस लेख टाकतो ती साइट सुधाने बांधलेली. रंग, अक्षरं, समास, सगळं तिने एका सीएसएस फाईलमध्ये लिहून ठेवलंय. डावीकडे भलीमोठी मोकळी जागा. का, तर म्हणे, "तुझी जीभ तिखट. वाचणाऱ्याला सरकून बसायला जागा नको?"

तिला जाऊन वर्ष होईल. फाईलचं नाव नुसतं 'स्टाइल'. दुपारी वाटलं, काम बायकोचं, नावही तिचंच असू दे. 'सुधा' केलं. पान उघडलं तर शब्द सगळे शाबूत, पण रंग गेलेला आणि ओळी डाव्या कडेला चिकटलेल्या. ती मोकळी जागाच नाही. हेही घालवलं मी?

अंबरनाथला लेकीला फोन लावला.

"बाबा, तू पण ना! पान अजून जुन्या नावानेच हाक मारतंय. ओ कोण देणार?"

"मग जुनंच ठेवू परत?"

ती म्हणाली, "नको. पानालाच आईचं नाव शिकवू."

तिने सांगितली तशी एक ओळ बदलली. मोकळी जागा परत आली.

आता पान उघडलं की आधी सुधाला हाक जाते, फाईल ओ देते, मग माझे शब्द नीट बसतात. मघापासून उगाच उघडतोय, बंद करतोय. एकदा स्वयंपाकघराकडे तोंड करूनही हाक मारली. म्हटलं, बघू.