बाहेर थांबलेल्यांचं टेबल

१२ मे, सोमवार

सकाळी साडेसहाला रॉईस आला. टाय लावून! माझ्या कॅफेत टाय लावून दोनच प्रकारची माणसं येतात — मढी पुरणारी आणि माल विकणारी. रॉईसचा पुरण्याचा धंदा नाही.

थोरला भाऊ. व्यापारी मंडळाचा अध्यक्ष. या इमारतीचा मालक — म्हणजे माझ्या डोक्यावरच्या छपराचा, आणि त्याला वाटतं, डोक्याचाही. रस्त्यापलीकडे चर्चच्या नव्या मंदिराच्या शिखरावर सोन्याचा देवदूत चढला तेव्हापासून हा माणूस जमिनीवर चालत नाही.

मंडळाचा गुळगुळीत अहवाल काउंटरवर ठेवला. वर मंदिराचं चित्र, खाली बाण — वर जाणारा. मंदिर उघडलं की माणसं येणार, राहणार, खाणार, खरेदी करणार. हमरस्त्यावर त्याने अठ्ठेचाळीस खोल्यांचं मोटेल बांधून ठेवलंय, ते भरणार. पॅरिश क्रीक गावाचं सोनं होणार!

"आणि दारावरचा तो कप उतरव, नेड्रा. देवाच्या घरासमोर लाल दिव्याचा कॉफीचा कप लुकलुकतो. बरं दिसत नाही."

चर्चला कॉफी वर्ज्य; आमच्या खोऱ्यात ती म्हणजे दारूची धाकटी बहीण. मी म्हटलं, "देवालाही कधीतरी डुलकी येत असेल. समोर सोय असलेली बरी."

हसला नाही. ऑक्टोबरअखेर माझा भाडेकरार संपतो. नवरीच्या पांढऱ्या कपड्यांची दुकानवाली बाई जागा मागतेय, म्हणाला. मंदिराला शोभेल असं दुकान.

"मंदिरामुळे या गावात एक बशीसुद्धा जास्त विकली जाणार नाही," मी म्हटलं.

"मग तुझं तसंही बंदच पडणार! आणि समज, ऑक्टोबरपर्यंत तुझ्याकडे मंदिरामुळे गिऱ्हाईक आलं — पाच वर्षांचा करार, कपासकट. दिला शब्द."

म्हणजे जागा वाचवायची तर त्याचंच म्हणणं खरं करून दाखवायचं! चाळीस वर्षं चर्चमध्ये काढली, बारा वर्षं बाहेर, पण असा पेच कुणी घातला नव्हता. हात मिळवला. कप उतरवणार नाही. उलट काच पुसली.

१३ मे

दारातल्या फलकावर अक्षरं लावली: "समोर अनंतकाळ. इथे नाश्ता, दोनपर्यंत."

७ जून, शनिवार

मंदिर तीन आठवडे सगळ्यांना आतून बघायला खुलं. त्यानंतर धर्म नीट पाळतो असा बिशपचा दाखला असेल त्यालाच प्रवेश. म्हणून सगळं खोरं लोटलंय. बसगाड्या, पोरं, कडेवरची, चाकाच्या खुर्चीतली. दुपारपर्यंत निदान चार हजार माणसं माझ्या खिडकीसमोरून गेली.

आत आले नऊ. त्यातल्या सातांना संडास हवा होता.

का? वॉर्डाच्या, म्हणजे गावातल्या चर्चशाखेच्या, बायकांनी तंबू टाकलाय — पाणी फुकट, कुकी फुकट, हसू फुकट. बसमध्ये प्रत्येकाच्या मांडीवर घरचं सँडविच. आमची माणसं प्रलय आला तरी शिदोरी घेऊन येतील. तळघरात वर्षभराचा गहू साठवणाऱ्यांना तुम्ही काय विकणार, रॉईस?

सोडावाल्याचं मात्र चाललं. शीतपेयात नारळाचा पाक आणि साय घालून बादलीएवढा पेला. कॉफी पाप, ते मात्र चालतं.

१० जून

केलीन म्हणाली, "आई, चल ना बघायला. एकदाच."

माझी लेक बावीसची आहे आणि श्रद्धाळू आहे. ती माझ्यावर गेली नाही, वडिलांवर गेली. ते जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांच्या बाजूने भांडायला ती पुरेशी आहे.

गेले. दारात वॉर्डातल्या पोरांनी बुटांवर पांढरे कागदी मोजे चढवले. माझ्या बुटाला बटाट्याचा चीक लागलेला — पोराने त्यावर दोन मोजे चढवले.

आत सुंदर आहे. इथे लिहिते, बाहेर म्हणणार नाही.

शेवटी लग्नाची खोली. मध्ये गुडघे टेकायची गादी, दोन्ही भिंतींवर समोरासमोर आरसे. आरशात आरसा, त्यात आरसा — आम्ही मायलेकी मागे मागे जात बारीक होत गेलो, दिसेनाशा होईपर्यंत. केलीनने माझा हात धरला.

"आई, इथेच. ऑक्टोबरात. ड्रेकने विचारलं."

मी आरशातल्या सगळ्या केलीनींकडे बघितलं. सगळ्या खूश होत्या. एकीलाही कळलं नव्हतं काय बोलली ते. ऑक्टोबरात मी या खोलीत नसणार; चर्च सोडलेलीला दाखला कोण देणार?

म्हणजे तिला कळलं नव्हतं असं नव्हे; लग्नाला मला येता येणार नाही, म्हणून मी ती खोली एकदा तरी बघावी म्हणून तिने आणलं होतं. हे परत येऊन बटाटे सोलताना लक्षात आलं.

२२ जून

विचारलं. सरळ विचारलं. "आता तर नियम बदललाय ना? आधी सगळ्यांसमोर साधं लग्न, मग आत. पूर्वीसारखं मध्ये वर्षभर थांबावंही लागत नाही."

"ड्रेकच्या घरी तसं करत नाहीत."

"ड्रेकच्या घरी काय काय करत नाहीत त्याची यादी दे, म्हणजे मी सगळं करते."

"आई!"

वडिलांच्या जागी साक्षीला रॉईस बसणार म्हणे. माझ्या मुलीच्या लग्नाचा साक्षीदार — जो माझा कप उतरवायला निघालाय! हातातली बशी फुटली. जुनीच होती.

२९ जून, रविवार

मंदिर देवाला अर्पण झालं. दार बंद. आम्ही बाहेर.

मी नेहमीसारखं दुकान उघडून बसले. गावात रविवारी विकत घेणारं कुणी नसतं, पण बंद ठेवणं म्हणजे कबूल करणं.

१२ जुलै, शनिवार

आज काहीतरी झालं!

दहा वाजता एक जोडपं आलं. तो मोंटानातला लुथरन, म्हणजे दुसऱ्याच पंथाचा, शेतकरी, मानेला कॉलर रुतलेली. ती पिस्ता रंगाच्या झग्यात, हातात रुमाल. खिडकीजवळ बसले, कारण तिथून मंदिराचं दार दिसतं. मुलगी आत लग्न करत होती.

"कॉफी आहे?" त्याने असं विचारलं जसं विहिरीतून कुणी दोर मागावा.

तासाभरात अजून आले. नवरदेवाचा मामा — दाखला संपलेला. नवरदेवाची बहीण — एका बाईबरोबर राहते, म्हणून. नवरीची आजी — कॅथलिक, हातात जपमाळ. सगळे एकाच टेबलावर! दोन्हीकडचे एकमेकांना ओळखत नव्हते, पण कॉफीत साखर किती हे अर्ध्या तासात ओळखायला लागले. शेतकऱ्याने दोनदा अंडी मागवली. "खाल्लं नाही तर रडेन," म्हणाला. बायको आधीच रडत होती आणि खातही होती.

अकराला फोटोवाला मंदिराच्या पायऱ्यांवरून ओरडला. रस्त्यापलीकडून ऐकू येतं: "आतले वरच्या पायरीवर! बाहेर थांबलेले कोण कोण? हात वर करा! इकडे, खालच्या रांगेत!" हे सगळे रुमाल आवरत रस्ता ओलांडून धावले. शेतकऱ्याने पळता पळता हात वर केला, वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखा.

टेबल आवरताना लक्षात आलं — रॉईस, तुझं मंदिर मला गिऱ्हाईक देतंय! आत जाणारे नव्हे, बाहेर राहिलेले.

१५ जुलै

फलक: "आत जागा नाही? इथे आहे."

१६ जुलै

ड्रेकच्या आई, सिस्टर पेटिंगिल, आल्या — चर्चमध्ये सगळ्याच बायका सिस्टर. बसल्या नाहीत. खुर्चीला कॉफीचा वास असेल.

"तुमच्या पाटीने लोकांच्या भावना दुखावतात, नेड्रा."

"ज्यांच्या दुखावतात ते शनिवारी सकाळी इथेच बसलेले असतात, सिस्टर. विचारून बघा."

"आपण आता विहिणी होणार. जरा—"

"म्हणूनच सांगते. तुमच्यासाठीही एक खुर्ची ठेवेन, कधी लागलीच तर."

लालेलाल झाल्या! अशी चव मी या वर्षात चाखली नव्हती.

९ ऑगस्ट

आता शनिवारी दोन-तीन लग्नं. खिडकीजवळ दोन टेबलं जोडलीत. रुमालाचा डबा ठेवलाय. केलीन म्हणाली, "आई, तू लोकांच्या दुःखावर धंदा करतेस." मी म्हटलं, "नाही गं, दुःख समोर बनतं. मी फक्त गरम वाढते."

तिला हसू आलं. लपवलं. माझंच हसू आहे ते, दाबलं की नाक फुगतं.

२३ ऑगस्ट

रॉईसचं मोटेल. हमरस्त्यावरून गेले, गाड्या मोजल्या — तीन. एक त्याचीच.

घोडं कुठं पेंड खातंय ते मी सांगू शकते, पण मला कोण विचारतं? आम्ही लहान असताना मंदिर तीन तासांवर होतं. पहाटे निघायचं, आईबाबा आत, आम्ही बाहेर काकूबरोबर. मग हॅम्बर्गर. मग बूट घ्यायचे, कारण शहरात आलोच आहोत तर. रात्री स्वस्त खोली, चौघं एका पलंगावर, रॉईसच्या लाथा. ते सगळे पैसे त्या गावात गेले — मंदिर लांब होतं म्हणून! आता ते घरापासून वीस मिनिटांवर. लोक मंदिरात घालायच्या पांढऱ्या कपड्यांची छोटी पेटी घेऊन येतात, तासा-दोन तासांत देवाचं काम उरकतात, घरी जाऊन घरचं जेवतात. लग्नाची मेजवानी वॉर्डाच्या सभागृहात, बास्केटबॉलच्या जाळीखाली, बायकांनी भाजलेल्या चीज-बटाट्यांवर. मोटेलात कोण झोपणार? देवदूत?

अहवालाचा बाण काढताना हे एकालाही सुचलं नाही. सगळ्यांचं लहानपण असंच गेलेलं असून!

७ सप्टेंबर

आज रॉईस चर्चमध्ये दशांशावर बोलला म्हणे. केलीनने सांगितलं. "दहावा हिस्सा देवाला दिला की उरलेले नऊ अकरासारखे पुरतात," असं. ऐकून काही बायका रडल्या. मी गणित विचारलं असतं.

५ ऑक्टोबर, रविवार

चर्चचं अधिवेशन. आज सगळं गाव पायजम्यात, दालचिनीचे रोल खात, टीव्हीसमोर. माझ्याकडे रेडिओ लावून मी एकटी.

शेवटी पुढे बांधायच्या नव्या मंदिरांची यादी वाचतात. सगळं खोरं श्वास रोखतं, कुणाचं गाव येतंय म्हणून. सातवं नाव आलं — लार्कन!

लार्कन! इथून चाळीस मिनिटं! म्हणजे आता आमच्याकडे येणाऱ्यांतले निम्मे तिकडे जाणार. तिकडेही अहवाल निघेल, बाण निघेल, एखादा रॉईस टाय बांधेल.

मी उठून नाचले. खरंच. मग फलकावर लावलं: "लार्कनचं अभिनंदन! तयार मोटेल विकत मिळेल. चौकशी हमरस्त्यावर."

७ ऑक्टोबर

फलकाचा फोटो सगळ्या खोऱ्याच्या फोनवर फिरला. सोडावालाही हसला. केलीन माझ्याशी बोलत नाही.

९ ऑक्टोबर

रॉईस आला. टाय नव्हता.

मी तयारीत होते. जुलैपासूनची उत्तरं जिभेवर रांगेत उभी होती. त्याने खिशातून करार काढला. पाच वर्षं. सही केलेली.

"शब्द दिला होता. तुझ्याकडे आलं गिऱ्हाईक."

"कपासकट?"

"कपासकट."

मी मनात म्हटलं, भांड ना, गाढवा! काहीतरी बोल, पाटीबद्दल बोल! तो खिडकीजवळच्या जोडटेबलाकडे बघत बसला. गळ्याशी शर्ट सैल झालाय. विचारलं, "साक्षीचा सूट तयार आहे ना?" तर म्हणाला, "बघू," आणि गेला. समोर ठेवलेली सफरचंदाची पाई अर्धी तशीच टाकून. रॉईसने पाई टाकलेली मी पन्नास वर्षांत पाहिली नाही.

जिंकले मी. जागा माझी. लाल कप माझा. मग चव का नाही?

१७ ऑक्टोबर

उद्या केलीनचं लग्न. दुकान उघडं ठेवणार! लोक म्हणतात, त्या दिवशी तरी बंद ठेव. का? मी कुठे जाणार आहे? सगळ्यांत चांगली जागा माझ्याच खिडकीशी आहे. निळा झगा घालेन, वर ॲप्रन. रडायचं झालं तर अंडी तळताना रडेन, कांद्यावर ढकलता येईल.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दहाला ते सगळे आत गेले. मी खिडकीशी बसले. दोन मिनिटांनी समोरची खुर्ची ओढली गेली — रॉईस. नव्या सुटात.

त्याचा दाखला सप्टेंबरअखेर संपला होता. नवा करायला बिशप विचारतो, पूर्ण दशांश देता का? वर्षभर सगळं मोटेलात गेलं. त्याने बिशपला "नाही" सांगितलं. साक्षीला आता ड्रेकचा काका बसलाय. रॉईस हो म्हणाला असता तर कोण बघणार होतं? गावाला बाण दाखवणाऱ्या माणसाला एवढं एक खोटं जमलं नाही.

"कोको दे," म्हणाला. दिला. सोबत ठेवलेली पाई त्याने पूर्ण खाल्ली.

अकराला फोटोवाला ओरडला, "बाहेर थांबलेले कोण कोण?"

रस्त्याच्या मधोमध, माझ्या आधी, रॉईसने हात वर केला.