नडगीवरचा हात

कात्रप, बदलापूर (पूर्व)
बुधवार, २९ ऑक्टोबर

चि. किर्तीस,
सखूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. पोह्याचे पापड दोन पाकिटं (एक कोपऱ्याला चुरलंय, त्याची भाजी होईल), गुडघ्याच्या पट्ट्यांची एक जोडी, टाचेखाली ठेवायच्या मऊ गाद्या, आणि सासूबाईंना तुळशीची माळ. पट्ट्यांवरची किंमत तू नखाने खरवडलीस, तरी तीनशे साठ वाचता येतंच. पापडाचे पैसे देणार नाही, ते माहेरचे. पट्ट्यांचे मात्र तू आलीस की घ्यावे लागतील, तेव्हा कुरकुर करायची नाही.

इकडे सर्व ठीक. ह्यांची आनंदनगरच्या कंपनीत या आठवड्यात रात्रपाळी आहे, दिवसा झोपतात. स्वप्नालीचं कॉलेज दिवाळीनंतर सुरू झालं. माझा पाय बरा आहे.

फोनवर बोलत नाही म्हणून रागावू नकोस. आमचं घर तुला माहीत आहे, या भिंतीला शिंकलं तर त्या भिंतीला 'देव तुझं भलं करो' म्हणतात. आणि फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय सासूबाईंना चैन पडत नाही. तेव्हा हे पत्र. उत्तरही घरी पाठवू नकोस, चौथ्या मजल्यावरच्या कमलादीदीच्या पत्त्यावर पाठव. तो शेवटी लिहीन.

तू विचारलंस, ताई, घरी सांगितलंस का? नाही सांगितलं. घरी मी अजून काकड्यालाच जाते.

तुला मी अर्धंच सांगितलं होतं. गेल्या वर्षी कार्तिकात पहाटे काकड आरतीला निघायचे तेव्हा कमलादीदी जिन्यात भेटायची. ती मूळची उल्हासनगरची, सिंधी, साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलेलं. देवळापर्यंत बरोबर चालायचो. मग एक दिवस ती म्हणाली, "सखू, चल ना थोडा भागते हैं, ठंडी है." आणि आम्ही पळालो. दोन बिल्डिंगी ओलांडल्या नाहीत तोच धाप लागली, पण इतकं हसलो की काय सांगू. त्या दिवशी आरती चुकली. दुसऱ्या दिवशी शेवटचा अभंग मिळाला. पुढे नुसता प्रसाद.

कार्तिक संपला तेव्हा घरी म्हटलं, देवळात पहाटेची झाडलोट माझ्याकडे आली आहे. झाडू मारतेही, खोटं नाही, पण पाच मिनिटं. मग बाराच्या बारा महिने एमआयडीसीच्या रस्त्याने पळणं.

फिरायला जाते म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पळते? सासूबाईंचं म्हणणं असं की बाई पळाली म्हणजे कुठेतरी काहीतरी जळालंय, नाहीतर कोणीतरी गेलंय. पंचेचाळिशीची सून ओढणी कमरेला खोचून रस्त्याने पळते हे त्यांना कसं सांगू? आणि त्या तर बिल्डिंगभर सांगत होत्या, "माझी सून बघा, थंडी नाय पाऊस नाय, देवाचा दार झाडते."

एक गोष्ट तुलाच लिहिते. देवळात उभी असते तेव्हा माझं निम्मं लक्ष दूध उतू जाईल का, नळाला पाणी आलं असेल का, यात असतं. पळताना एका पावलाला राम आणि दुसऱ्याला कृष्ण म्हणते, तेव्हा मन कुठेच जात नाही. याला पाप म्हणायचं की काय म्हणायचं, मला मॅट्रिकवालीला कळत नाही.

आता पायाचं. वर बरा आहे असं लिहिलंय, ते पत्राच्या रीतीप्रमाणे लिहिलं. बरा नाही.

गणपतीनंतर उजव्या नडगीत कळ यायला लागली. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग जिना चढतानाही. तू तेव्हाच फोनवर विचारलं होतंस, बूट कुठले? मी म्हटलं चांगले आहेत. स्वप्नालीचे शाळेच्या पीटीचे कॅनव्हासचे होते, पुढे कापूस कोंबलेले. टाकून द्यायला जीव होईना. तू रागावशील म्हणून बोलले नाही.

पण खरी चूक ती नव्हे. मला वाटलं, देवाने धरलं. त्याच्या नावावर खोटं बोलले ना, मग ज्या पायाने खोटं केलं त्यालाच शिक्षा. नवरात्रात इथे निम्म्या बायका अनवाणी असतात, मीही होते, तेव्हा कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं. मी अनवाणी पळाले. डांबरावर, नऊही दिवस, प्रायश्चित्त म्हणून. कमलादीदी ओरडत होती, "पागल है क्या, भगवान ने बोला क्या तेरे को?" दसऱ्याच्या दिवशी उंबऱ्यावर पाय टेकवेना.

मग तिनेच उल्हासनगरला तिच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. हाडाला केसाएवढी चीर आहे म्हणाले. आपोआप भरेल, पण पळणं बंद, अनवाणी बंद, घरातसुद्धा चप्पल. आणि तिथे चोळायचं तर अजिबात नाही. तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं असं तू लिहिलंस.

पळणं बंद केलंय, तुझी शपथ. पहाटे देवळात जाऊन नुसती बसते. पण चोळणं बंद नाही, किर्ती.

मी लंगडते हे सासूबाईंनी पाहिलं. त्यांना वाटलं, वर्षभर थंड फरशीवर उभी राहून, वाकून झाडून पाय धरला. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की तिळाच्या तेलाची वाटी गरम करून घेऊन येतात आणि माझा पाय मांडीवर घेतात. सत्तरीच्या बाईचा अंगठा, पण भाताचे भारे उचललेला. बरोबर त्या चिरेवर. म्हणतात, "गाठ हाय गो हितं, फोराया पायजे." त्यांच्या तोंडी 'ड'चा 'र' होतो, हाडाचाही 'हार'. मी पदर तोंडात धरते. "दुखतंय का?" विचारलं की म्हणते, नाही आई, बरं वाटतंय. मग आणखी जोर लावतात.

त्यांचे स्वतःचे गुडघे इतके गेलेत की जमिनीवरून उठताना भिंत धरतात. तू पाठवलेल्या पट्ट्या बघून म्हणाल्या, "मना नको, तूच घाल." सून होऊन आले त्याला बावीस वर्षं झाली, माझ्या पायाला त्यांनी हात लावायची वेळ कधी आली नव्हती. कसं म्हणू, लावू नका?

इथवर सोसलं असतं. पण रविवारी त्यांनी देवापुढे ओंजळीत पाणी घेतलं आणि आम्हा सगळ्यांदेखत बोलल्या, "माझे सखूचा पाय बरा कर, येत्या सोमवारी कात्रपशी अंबरनाथच्या देवलापरत अनवानी येतंय."

सोनिवलीला माहेरी असताना त्या महाशिवरात्रीला तिथून चालत जायच्या, तेच डोक्यात. तेव्हा शेताचे बांध होते, आता सगळी सिमेंटची वाट आणि ट्रक. ह्यांनी समजावलं, रिक्षाने जा, मी सोडतो. तर म्हणाल्या, "देवाशी रिक्षाची गोष्ट बोलले नव्हते." डॉक्टरांनी त्यांना मागेच सांगितलंय की एकदा गुडघा सटकला तर ऑपरेशनशिवाय उभं राहता येणार नाही.

आज बुधवार. तुझं उत्तर येईस्तोवर सोमवार होऊन गेलेला असेल. तरी लिहिते, कारण कोणाला तरी सांगितल्याशिवाय

रविवार, एकादशी

ह्यांना उठताना ऐकून त्या दिवशी कागद पिठाच्या डब्यामागे सारला होता. वरचं वाक्य तसंच राहू दे.

काल संध्याकाळी दिवा लावला तरी तेलाची वाटी आली नाही. बघते तर सासूबाई घरात नाहीत. चप्पल दारात. मी जिन्याकडे गेले, जमेल तशी. खालच्या मजल्यावरून कमलादीदीचा आवाज आला, "अम्मा, बैठो, बैठो, हिलो मत!"

सासूबाई सराव करायला निघाल्या होत्या. अनवाणी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघ्याने दगा दिला. कठडा हातात होता म्हणून खाली गेल्या नाहीत. पायरीवर बसल्या होत्या, चेहरा पांढरा, आणि वर मला म्हणतात, "तू कशाला आलीस, तुजा पाय दुखंल."

दोघींनी धरून वर आणलं. गुडघ्याला बर्फ लावला. ह्यांना सांगू नको म्हणाल्या, सोमवारी जाऊ देणार नाहीत. आणि थोडं बरं वाटल्याबरोबर हात पुढे केला, "दे तुजा पाय. राहिलाय आज."

किर्ती, मी पाय मागे घेतला. त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला. स्वप्नाली पुस्तक घेऊन कोपऱ्यात होती, तिच्यादेखतच सांगितलं. झाडलोट पाच मिनिटांची, बाकी पळणं. कमलादीदी, कॅनव्हासचे बूट, डॉक्टर, हाडाची चीर. म्हटलं, देवाच्या नावावर खोटं बोलले आई, तुम्ही माझ्यासाठी चालू नका.

 माझी तयारी होती शिव्यांची. म्हणतील सून रस्त्याने पळते, म्हणतील देवाला फसवलं. त्यातलं काही बोलल्या नाहीत. आपला अंगठा बघत बसल्या होत्या.

"म्हंजे मी तुटलेला हार रगडत व्हते?"

मी मान हलवली.

"रोज?"

"आई, तुम्हाला काय ठाऊक..."

"आनी तू बरा वाटतंय बोलत व्हतीस." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नाही. "देवाला फसवलंस त्यो देव बघंल. त्याला सवय हाय. पन माझे हातानशी तुना दुखवून घेतलंस, आनी मना कलू दिला नाय. ह्ये कुठं फेरू मी?"

मला रडू आलं, त्यांना आलं नाही. स्वप्नालीने मध्येच विचारलं, "आई, पण तू किती पळतेस?" 

रात्री हे पाळीला निघताना सांगितलं. हे एवढंच म्हणाले की बूट तरी नवे घ्यायचे होतेस. पुरुषांना कुठली गोष्ट मोठी वाटेल सांगता येत नाही.

आज पहाटे मी देवळात गेले नाही. सासूबाई आधीच उठून देवापुढे बसल्या होत्या. मी म्हटलं, नवस खोट्यावर बोललेला, तो फिटला असं समजा. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खोटा कसा? पाय खराच मोरलाय ना." बोललेला नवस परत घेता येत नाही, पण देवाकडे मुदत मागता येते. हे मला त्यांनीच स्वप्नालीच्या कांजिण्यांच्या वेळी शिकवलं होतं. मी तेच त्यांना म्हटलं. मग त्यांनी सव्वा रुपया हळदीच्या फडक्यात बांधून देव्हाऱ्याच्या खिळ्याला लावला. मुदत महाशिवरात्रीची. चालायचं दोघींनी, बरोबर. पळायचं कोणी नाही.

त्यावर मी एक अट घातली, भीत भीत. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरायचा व्यायाम सांगितला होता, तो त्यांनी 'लंगड्या घोड्याची कवायत' म्हणून कधी केला नाही. तो रोज करायचा. हो म्हणाल्या नाहीत. पण मी माझा डावा, चांगला पाय उचलून धरला तेव्हा शेजारच्या खुर्चीवर त्यांचाही वर आला. थरथरत होता. बाहेर देवळातला काकडा भोंग्यावर ऐकू येत होता आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता पाय वर करून बसलो होतो.

अजून मोकळं बोलत नाहीत माझ्याशी. कामापुरतं स्वप्नालीमार्फत. आज संध्याकाळी दिवा लावल्यावर सवयीने तेलाची वाटी गॅसवर ठेवली, मग लक्षात आलं, गॅस बंद केला आणि तेल परत बाटलीत ओतलं. एक थेंब सांडू दिला नाही. मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं झालेलं नाही.

हे पत्र आत्ता मीच त्यांच्यापुढे ठेवलं आणि स्वप्नालीने त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवलं. मी वाचते म्हटलं तर म्हणाल्या, "तुजा वाचलेला आता नको." पिठाच्या डब्याचंही ऐकलं, पदर तोंडात धरायचंही. तिथे वाचणं थांबवायला लावलं आणि पुन्हा वाचून घेतलं.

तेव्हा आता तुझ्याकडे मागणं. तुझ्या डॉक्टरांना विचार की महाशिवरात्रीपर्यंत माझं हाड एवढं भरेल का, की कात्रपहून अंबरनाथपर्यंत अनवाणी चालता येईल. आणि सत्तरीचे असे गुडघे व्यायाम करून तेवढे चालतील का, की नाहीच. नाही असेल तर नाहीच लिही. मला बरं वाटावं म्हणून, त्यांना बरं वाटावं म्हणून एक अक्षर बदलू नकोस, आणि माझ्यासाठी आत वेगळी चिठ्ठी घालू नकोस.

कमलादीदीचा पत्ता शेवटी लिहिणार होते, तो आता नको. पत्र घरीच पाठव, आणि पाकिटावर माझं नाव नको, श्रीमती कौसाबाई असं लिही. त्या स्वतःच्या हाताने फोडतील, स्वप्नाली वाचेल, मी ऐकेन.

उलट टपाली कळव.

तुझी,
सखूताई

ता. क. सासूबाईंनी सांगितलं ते लिहिते आहे, शब्द त्यांचेच: "पापर बेस हायेत. आनी डाक्टराला इचार, तुटलेला हार कुनी येवरा रगडला असंल त त्यो भरतंय का."