माशीचा डोळा आणि आबांची पोथी

॥ श्रीमार्तंडाची कृपा असो. त्याचा उजेड कोणास उणा न पडो ॥

राहू, ता. दौंड
४ सप्टेंबर १९९९

चि. प्रगती हीस आबांचे अ. उ. आशीर्वाद.

नात पुण्यात काय करते, असे गावात विचारतात. माश्या मारीत नाही, त्यांच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहते, असे मी सांगतो.

आता कामाचे. माझ्या नजरेच्या मधोमध काळा डाग बसला आहे. कडेचे तेवढे दिसते. शिरूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. ओवी डोळ्यांनी पाहूनच उच्चारावी, हा आपल्या देवळाचा नेम तुला ठाऊक आहे. परवा देवळात मी पोथीचा अध्याय संपविल्यावर ऐकायला बसलेली अनसाबाई सर्वांदेखत म्हणाली, की आबा, पोथी उलटी हाय की वो! पाठ होते, तेच मी म्हणत होतो.

माशीचा एक डोळा विझला तर शेजारचा त्याचे काम करतो, असे तू सांगितले होतेस. माझ्या कडेच्या दृष्टीस मधले काम शिकविता येईल काय? खरे ते कळव. लोभ असू दे.

तुझा आबा

पुणे
१८ सप्टेंबर १९९९

ती. आबांना प्रगतीचा शि. सा. नमस्कार.

माशीच्या प्रत्येक बारीक भिंगाखाली उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. प्रत्येकीची दिशा ठरलेली. दिवा नेमका समोर धरला की ती जोरात उत्तर देते; जरा बाजूला सरकवला की मंदावते, आणखी सरकवला की गप्प. शेजारच्या भिंगांखालच्या काही पेशी त्याच दिशेला पाहतात आणि त्यांचे निरोप पुढे एकत्र होतात, म्हणून एक गेली तरी निभावते.

आपल्या डोळ्यात मधल्या जागेला असा जोडीदार नाही. कडेची नजर माणूस ओळखते, बारीक अक्षर नाही. इथल्या मोठ्या डॉक्टरांनाही विचारून आले. आबा, न्हाई जमत. पाठ म्हटलं तर देव खरंच रागवंल का?

तुमची प्रगती

राहू
१० ऑक्टोबर १९९९

चि. प्रगतीस आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतो आहे. तुझी आई लिहून घेते आहे. खरे कळविलेस, बरे केलेस.

अनसाबाई येऊन म्हणते, की आबा, तुमी म्हना, आमी कुठं बघतोय? पण कोणी पाहत नाही म्हणून नेम सुटत नाही. आता वाचावयास पोथी शेजारच्या सर्जेरावाच्या हाती दिली. तो जोडाक्षरापाशी अडतो. पुढचे शब्द माझ्या ओठांवर येतात. मी ते गिळतो.

त्याच्याकडे थेट पाहिले तर त्याचे तोंड डागात बुडते. भिंतीकडे मान वळविली की तो कडेला दिसतो, पोथी पांढरी दिसते, अक्षर नाही. म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसतो. लोक म्हणतात, आबा रुसले.

हे अक्षर ज्या ज्या डोळ्यांना दिसते आहे, त्या सर्वांची दृष्टी देव अखेरपर्यंत राखो.