न प्यालेला घोट

१२ एप्रिल १९६४, मनोर
पालघरला गाडीतून उतरलो, एसटीने मनोर गाठलं आणि सूर्या नदीकाठच्या मत्स्यबीज केंद्रावर रुजू झालो. दोन तळी, एक कौलारू खोली, एक सूक्ष्मदर्शक. नदीतल्या माशांचे रोग तपासायचे आणि पावसाआधी एक तळं रोहू-कटल्याच्या बीजासाठी तयार करायचं, एवढंच काम. राखणदार भिका आणि त्याची बायको पारू मला सायेब म्हणतात. पुस्तकात मासा बघून पास झालेल्या माणसाला हे फार गोड लागतं!

१५ एप्रिल
तळ्यातले मरळ आधी मारायला हवेत, नाहीतर ते बीज फस्त करतील. त्यासाठी मोहाची पेंड टाकतात. पंधरवड्यात पाणी पुन्हा निवळतं. पेंड अजून आलेली नाही.
भिकाच्या पाड्यावर उन्हाळ्यात नदीच्या डोहात एका झाडाची साल ठेचून टाकतात, मासे गुंगतात. पण टाकणाऱ्याने त्या पाण्याचा एक घोट आधी स्वतः प्यायचा, मगच बाकीच्यांनी मासे उचलायचे. भिका म्हणाला, "आमी घालतो त्यानं मासा झोपतो, मानूस मरत नाय. घोट पिला का समद्यांना भरवसा." मला हसू आलं. नव्या साहेबाला काय काय ऐकवतात!

१९ एप्रिल
पंचवीसला मोठे साहेब पाहणीला येणार आणि पेंडीचा पत्ता नाही. कोठीत पिकावर फवारायच्या कीटकनाशकाचा डबा होता, तोच तळ्यात ओतला. तासाभरात मरळ उताणे! भिकाने विचारलं, सायेब, घोट पिले का. त्याला झापलं.

२१ एप्रिल
तळं कोरडं दिसावं म्हणून दुपारी बाराला पाणी सोडायची मोरी उघडली. पाणी खाली नदीच्या डोहात गेलं. चार वाजता डोहावर पांढरी पोटं तरंगत होती.
पारूची बहीण नवसी टोपलीभर मासे घेऊन चालली होती. मी बांधावरच होतो. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. पण मग मोरीचं सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिलो.

२३ एप्रिल
नवसी काल गेली.
फौजदार आले. मी लिहून दिलं, पाड्यावरच्यांनी डोहात विषारी साल टाकली. साल कोण ठेचतं, असं विचारलं तेव्हा भिकाचं नाव सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. भिकाला पालघरला नेलं. मला माझी लाज वाटते, आणि तरीही मी जेवलो.

२५ एप्रिल
साहेब तळ्यावर खूश. त्यांना नमुने दाखवत होतो. एकोणीसला बाटलीत घातलेल्या मरळाचे कल्ले हलले. सहा दिवस फॉर्मलिनमध्ये बुडालेला मेलेला मासा. साहेबांना काही दिसलं नाही. घड्याळात बारा वाजले होते.

२६ एप्रिल
आज सगळ्या बाटल्या. बरोबर बाराला.
माझ्या कानांमागे खाज. दोन्हीकडे चीर पडली आहे. दम लागतो. बादलीत तोंड बुडवलं की बरं वाटतं — असं वाटायला नको.

२७ एप्रिल
पारू आली. उंबऱ्यावर डोहाच्या पाण्याचा लोटा ठेवला. घोट प्या नायतर खरं सांगा, माजा मानूस सोडवा, एवढंच म्हणाली. मी दार लावून घेतलं.

२८ एप्रिल
पालघरला गेलो. फौजदारांसमोर तोंड उघडलं. मिटलं. उघडलं. आवाज नाही — नुसतं उघडतं, मिटतं. त्यांनी पाणी दिलं. गजांमागून भिका बघत होता. आवाज होता तेव्हा वापरला नाही —

२९ एप्रिल
पारू, ही वही उंबऱ्यावर ठेवतो. फौजदारांना दे. एकोणीस आणि एकवीस तारीख वाचायला सांग. भिका सुटेल.
घोट प्यालो. सगळा लोटा. तेव्हा कुठे श्वास आला — पण पुरत नाही —
बारा वाजले. मोठं पाणी हवं. डोहाकडे —
नवसी हाक मारते आहे. पाण्याला शिवू नका म्हणते, मागं फिरा म्हणते. मी तिला जे सांगितलं नाही, तेच ती मला —