उदेसिंगच्या घराच्या पाच प्रती

३ नोव्हेंबर २०२५, धडगाव

जीपनं आलो. नऊ जणांच्या जागेत चौदा; माझ्या मांडीवर हुमा आणि हुमाच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. घाटात मला मळमळलं, पोरगी मात्र गात होती. ग्रंथालयाला लागूनच दोन खोल्या मिळाल्यात. मुजाहिद सुरतेला कामावर, त्यामुळे सहा वर्षांची लेक आणि मी, एवढाच संसार. नोकरी लागली याचा फार आनंद झालाय, उगाच कशाला लपवू?

काम असं: चित्रकार वारतात, मग त्यांची संकेतस्थळं मुदत संपून बंद पडतात. त्याआधी आम्ही पाच ग्रंथालयांनी त्यांच्या प्रती करून ठेवायच्या. एकाची प्रत पुसली गेली, तर उरलेली चार ती आपोआप भरून देतात. शहाद्याचे रतिलालअप्पा आमचे प्रमुख. यम आला तरी रिकाम्या हाती जाईल, असं ते अभिमानानं सांगतात.

६ नोव्हेंबर

पहिलं काम काठीच्या उदेसिंगचं. त्यांच्या पानावर कुडाचं एक घर रेखाटलेलं आहे. दारावर क्लिक केलं की आतली खोली उघडते. अकरा खोल्या, माणूस एकही नाही. त्यांची बायको रूपलीबाई मुद्दाम येऊन सांगून गेली, की हे घर बंद होऊ द्या. घराला माणूस हवंय, म्हणून उदेसिंगनी सगळी दारं कधीच उघडली नाहीत. पण प्रत करायच्या परवानगीच्या कागदावर उदेसिंगचीच सही होती. मी बाईला चहा पाजला आणि निरोप दिला.

दारं यंत्र स्वतः उघडत नाही. माणसानं एकेक उघडायचं, यंत्रानं टिपायचं. मी यादीत गुंतले होते, हुमा माउससाठी हट्ट करत होती. दिला. तिनं हसत हसत अकराही उघडली.

१० नोव्हेंबर

अप्पांचा फोन. प्रत ताडून पाहताना त्यांना चौथ्या खोलीत पाठमोरी बसलेली मुलगी दिसली. ‘तुन्ही पोर शे का हाई?’ असं त्यांनी गमतीनं विचारलं. मूळ पानावर ती खोली रिकामीच आहे. प्रतीत मुलगी आहे. एक वेणी घातलेली, एक सुटलेली. हुमाची एक वेणी मी आज सकाळी घाईत अर्धवट सोडली होती. चार दिवसांपूर्वीच्या प्रतीत ती कशी?

१२ नोव्हेंबर

शाळेत कोकिळाबाईंनी हजेरीत हुमाचं नाव घेतलं नाही. ती समोरच बसली होती. आता इतकं हळू बोलते, की कान तोंडाशी न्यावा लागतो. चित्रातली मुलगी अर्धी वळली आहे. मला भीती वाटते. मी प्रत पुसली. तासाभरात शहाद्याहून भरून आली.

१४ नोव्हेंबर

सहा वेळा पुसली. सहा वेळा आली. मूळ पान काल मुदत संपून गेलं. मुजाहिदला फोन केला, लगेच ये म्हटलं, हुमाला — त्यानं विचारलं, कोण हुमा.

१५ नोव्हेंबर

अप्पांच्या हातापाया पडले. ठरलं: सोमवारी सकाळी अकराला पाचही प्रती एकदम पुसायच्या, म्हणजे भरून द्यायला कुणी उरणार नाही. हुकूम मीच यंत्रात लावला. आता तो मागे घ्यायला पाचही जणांची संमती लागेल. हुमाचा हात धरून बसले आहे. हाताला वजन नाही.

१७ नोव्हेंबर, सकाळ

अंथरूण रिकामं. चौथ्या खोलीत — माझ्याकडे तोंड करून — ती आता फक्त तिथेच आहे. आणि अकराला ते सगळं मीच

१०.३५

हुकूम मागे घ्यायला अप्पांनी संमती दिली. रडत होते. तळोद्यानं दिली. नवापूरनं दिली. माझी धरून चार. अक्कलकुव्याची दीपमाला फोन उचलत नाही —

१०.५१

निदान इथली प्रत वाचेल म्हणून यंत्र बंद करायला गेले. पडदा काळवंडला तशी हुमानं तोंड उघडलं, आवाज नाही, नुसतं तोंड — नाही करत बंद, नाही करत —

१०.५८

दीपमाला मिळाली. संमतीचं पान उघडतेय म्हणाली. रेंज नाही — हुमा दाराशी आली आहे. दोन्ही हात वर. उचलून घे म्हणतेय. अम्मी इथेच आहे बेटा — दीपमाला म्हणते, झालं बहुतेक — हुमा हस