संगीसाठी ठेवलेला कॉम्प्युटर

मंगळवार, दिवेलागण

आज शाळेत कॉम्प्युटरची खोली उघडली. समितीत सगळ्यात म्हातारा मी, म्हणून नारळ माझ्या हातून फुटला. पेढे वाटले. पण मजुरांच्या वाडीवरचं एकही पोर नव्हतं. ती सगळी सकाळीच आईबापांबरोबर टेम्पोत बसून वीटभट्टीवर गेली. दरवर्षी दिवाळी झाली की जातात. मला काय ठाऊक नव्हतं?

आणि दिवस कोणी ठरवला? मीच. बैठकीत म्हणालो, "भात झोडून होऊ द्या, मग पोरं मोकळी." पोरं म्हणजे कोणाची? आमची, शेतवाल्यांची. जग बदलतंय, शाळा बदला, असं मोठ्या तोंडाने बोललो, आणि वेळ धरली ती आमच्या भाताची.

परवाच चौथीतली संगी वाटेत भेटली होती, वाडीवरचीच.

"आबा, आमी येऊ तवर शिकवून संपल का?"

"नाय गो, एक कॉम्प्युटर तुझ्यासाठी ठेवतो."

म्हणून आज कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचं प्लास्टिक गुरुजींना काढू दिलं नाही. ते हसले, "आबा, धूळ बसेल म्हणून जपता का?" मी मान डोलावली. 

मी कधी शाळेत गेलो नाही, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकलो. शाळेबाहेर राहणं काय असतं, हे मला कळायला हवं होतं.

संगी येईल तेव्हा उन्हाळ्याची सुटी लागलेली असेल. आणि आमची शाळा चौथीपर्यंतच. ते प्लास्टिक तिच्या हातून निघायचं नाही.