टोकोच बाथरूममध्ये जात नाही

प्रिय उलकान,

माझं पत्र बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहोत. फोनच केला असता, पण हल्ली माझा फोन एलदियार बघतो. "आई, म्हाताऱ्या माणसांना फसवणारे फोन येतात, दे इकडे," म्हणतो आणि मी कुणाशी किती वेळ बोलले ते पाहून परत देतो. पोरगा किती काळजी करतो बघा, असं मी शेजारच्या राखातला सांगते. आत्ता स्वयंपाकघरात बसून लिहितेय. तो कामावर गेलाय आणि सहाच्या आत येत नाही. हे ठाऊक असूनही लिफ्ट वाजली की माझा हात थांबतो. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे.

आधी बोक्याचं सांगते. सूनबाईनं, चिनारानं चार वर्षांपूर्वी ओशबाजारातून शालीत गुंडाळून आणलेला तो पिवळा बोका तुला आठवत असेल. गोल आणि फुगीर, म्हणून आम्ही त्याचं नाव टोकोच ठेवलं, तंदूरमधल्या पावासारखा. त्याचा वाळूचा ट्रे बाथरूममध्ये, कपड्यांच्या मशीनशेजारी असायचा. चार वर्षांत कधी थेंबभर बाहेर सांडलं नाही. या शरदात काय झालं कोण जाणे, तो तिथं जाईना. पहिल्यांदा माझ्या गादीवर मुतला. मग नातीच्या, दानाच्या लोकरी बुटांत. मग आपल्या आईनं शिवलेल्या शिर्दाक गालिच्यावर, तोच मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीचा. मी रडले गं. धुऊन धुऊन रंग उतरला पण वास जाईना.

जो येईल तो उपाय सांगायचा. राखात म्हणाली, "व्हिनेगर ओत." व्हिनेगर ओतलं. कुणी म्हणालं, संत्र्याची सालं टाका. टाकली. मी वाळू बदलली, ट्रे बदलला, त्यात त्याचं तोंड घासून शिक्षासुद्धा केली, देव मला माफ करो. टोकोच थरथरत कपाटाखाली जाऊन बसायचा. मग एके दिवशी त्यानं एलदियारच्या नव्या चामडी जाकिटावरच मुतलं. एलदियार ओरडला नाही. त्यानं जाकीट उचललं, हुंगलं आणि शांतपणे म्हणाला, "पुढच्या वेळी हा पाचव्या मजल्यावरून खाली जाईल. चिनारा, ऐकलंस ना?" बोका माझ्या पायाशी होता, पण एलदियार बघत होता चिनाराकडे.

दुसऱ्या दिवशी मी आणि चिनारा टोकोचला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ल्युद्मिला अर्काद्येव्हना, माझ्याच वयाच्या, बोलायला फटकळ. पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली. म्हणाल्या, "बोका ठणठणीत आहे. खडा नाही, जंतू नाहीत. आणि मांजर सूड म्हणून मुतत नाही, आजीबाई, ते डोक्यातून काढा. ते घाबरलं की अशी जागा शोधतं, जिथं आपल्या माणसाचा वास आहे. ट्रे कुठं असतो?" बाथरूममध्ये, मी म्हणाले. "मग त्या बाथरूममध्ये काय होतं?" मी म्हणाले, कपड्यांची मशीन आहे, फार आवाज करते. "मशीन कधीची?" सहा वर्षांची. डॉक्टरीणबाईंनी चिनाराकडे पाहिलं. चिनारा बाह्या खाली ओढत होती. खोलीत हीटर एवढा तापला होता की मी कोट काढून ठेवला होता, उलकान, आणि ती बाह्या खाली ओढत होती.

त्यांनी वास मुळापासून घालवणारं एक औषध दिलं आणि ट्रे शांत कोपऱ्यात हलवायला सांगितला. आम्ही तो माझ्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. त्याच संध्याकाळी टोकोच आला, वाळू हुंगली, उकरली आणि मुकाट्यानं आपलं काम करून गेला. दाना टाळ्या वाजवून नाचली. आठ दिवस घरात थेंब पडला नाही. एलदियार हसून म्हणाला, "बघ आई, दम दिला की जनावरसुद्धा सुधारतं." मीही हसले.

रविवारी दुपारी जेवणं झाली. मी जरा आडवी झाले होते. बाथरूमचा नळ सुरू झाला. तो नळ मी शरद लागल्यापासून ऐकत आलेय. पूर्ण सोडलेला, टबात आदळणारा. एलदियारला अंघोळ लागते, चिनारा कपडे भिजवते, असं मी स्वतःला सांगत आलेय. टोकोच खिडकीत झोपला होता. नळाबरोबर तो उडाला, माझ्या पांघरुणात घुसला आणि मला कुशीत काहीतरी गरम लागलं. तो माझ्या अंगावर मुतला होता. ट्रे दोन हातांवर होता.

मी उठले. दार वाजवलं. "एलदियार, दार उघड."

"झोप तू, आई."

मी पुन्हा वाजवलं. त्यानं दार उघडलं, टॉवेलनं हात पुसत. त्याच्यामागे चिनारा टबाच्या कडेवर बसली होती, केस ओले, ओठ फुटलेला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाय घसरला, आई." आणि मी काय म्हणाले, सांगू? मी म्हणाले, "चहा निवतोय."

एवढंच. माझ्या नाइटगाउनमधून बोक्याचं मूत ठिबकत होतं आणि मी चहाचं बोलले. मला त्याची भीती वाटली, उलकान. ज्याला मी नऊ महिने पोटात वाढवला त्याची. त्याच्या डोळ्यांत तेव्हा त्याचा बाप होता.

त्याच्या बापाचं तुला काय सांगायचं. मी माहेरी पळून आले होते तेव्हा आई म्हणाली होती, "दगड जिथं पडला, तिथंच त्याचं वजन," आणि माझ्या डोक्याला नवीन रुमाल बांधून परत पाठवलं. तू चौदा वर्षांची होतीस. घोड्याच्या तबेल्याशी उभी राहून हळूच विचारलंस, "ताई, मी येऊ का तुला न्यायला?" मी तुला गप्प केलं. गेल्या वर्षी चिनाराही माहेरी गेली होती. तिची आई तिला चौथ्या दिवशी मिठाईचा पुडा घेऊन परत सोडून गेली. तो पुडा मी हसतमुखानं घेतला, आणि दोन्ही विहिणींनी मिळून खाल्ला.

काल दुपारी दाना खेळत होती. तिनं बाहुली भांडी घासायच्या टोपात बसवली, स्टुलावर चढून स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि तिच्या कानात सांगितलं, "आता रडलीस तरी चालेल. पाणी चालू आहे." पाच वर्षांची पोर. मी नळ बंद केला, तर माझ्यावरच डाफरली, "आजी, आता सगळ्यांना ऐकू जाईल ना!" मी तिथंच फरशीवर बसले.

म्हणून हे पत्र. तुझ्या हातात ते देणारी तुझ्या दारात उभी असेल, तीच चिनारा. कडेवर दाना, पिशवीत टोकोच. बाराच्या मर्श्रुत्का मिनीबसनं मी त्यांना कोचकोरला तुझ्याकडे पाठवतेय. आत घे त्यांना. दानासमोर काही विचारू नकोस, चिनाराची पाठ दवाखान्यात दाखव आणि तिथून जखमांचा कागद लिहून घे, पुढं लागेल. बोक्याचा ट्रे तिच्या अंथरुणाजवळ ठेव. एलदियार पहिल्यांदा तुमच्याकडेच येईल, तेव्हा तुझ्या थोरल्याला, बेक्तुरला घरी राहायला सांग आणि फाटकाची कडी आतून लाव. तिला परत पाठवू नकोस, मी स्वतः रडत न्यायला आले तरीसुद्धा, कारण मी स्वतःला ओळखते. आज सहा वाजता राखात आणि तिचा नवरा माझ्याकडे चहाला येतायत, का ते मी त्यांना सांगितलंय. दार मीच उघडणार, आणि चिनारा पळाली असं म्हणणार नाही, मी तिला पाठवलं असं म्हणणार. सकाळपासून ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघतेय. अजून एकदाही शेवटपर्यंत म्हणता आलेलं नाही. अजून सात तास आहेत.

तुझीच,
कालिपा